आधी चाल, मग चित्र: अ‍ॅनिमेचं संगीत डोक्यात का राहतं

जपानमध्ये टीव्हीवरच्या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या, मालिकेचं काम सुरू झालं की संगीतकाराच्या हाती एक यादी येते. तिकडे तिला सरळ 'मेन्यू' म्हणतात. हॉटेलातल्या मेन्यूसारखीच ती असते, फक्त पदार्थांच्या जागी प्रसंग आणि मनःस्थिती. साधारण अशी: एम-१, रोजची सकाळ, हलकंफुलकं. एम-५, शाळेतली कुजबुज. एम-१२, जुनी आठवण, एकटा पियानो. एम-२३, लढाई, पण आपण हरतोय. हा नमुना मी रचलेला आहे, पण धाटणी हीच. असे कैक तुकडे एका यादीत असतात. गंमत म्हणजे ही यादी येते तेव्हा पडद्यावरचं चित्र बहुधा काढूनच झालेलं नसतं. पटकथेचा काही भाग, थोडी रेखाटनं, दिग्दर्शकाबरोबर चार बैठका, एवढ्यावर सगळे तुकडे रचायचे, वादक बोलवायचे आणि एकदम ध्वनिमुद्रण करून ठेवायचं. याला 'तामेदोरी' म्हणतात, म्हणजे साठवणीचं ध्वनिमुद्रण. उन्हाळ्यात पापड-कुरडया करून वर्षाचे डबे भरावेत, तसला प्रकार.

हे डबे उघडतो दुसराच माणूस. त्याचं पद ध्वनिदिग्दर्शक. संवाद, पायांचे आवाज, संगीत, सगळं पडद्यावर कसं बसेल ते तो ठरवतो. कुठल्या प्रसंगाला एम-१२ लावायचं, त्यातली पहिली चाळीस सेकंदं घ्यायची की शेवटची, आणि कुठे काहीच वाजवायचं नाही, हे त्याच्या हातात. श्रेयनामावलीत त्याचं नाव असतं, पण चाहते संगीतकाराच्या नावाने टाळ्या वाजवतात. ध्वनिदिग्दर्शकाचं नाव शंभरातल्या दोघांना ठाऊक असेल.

या पद्धतीचं महत्त्व कळायला आपल्या सिनेमाकडे बघावं. हिंदी-मराठी चित्रपटांत गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि नट त्यावर ओठ हलवतात. पार्श्वसंगीत मात्र अगदी शेवटी, संकलन झाल्यावर. संगीतकार समोर चित्र लावून बसतो. नायकाने दार ढकललं की व्हायोलिन, खलनायक वळला की ढोल. असं संगीत चित्राच्या बोटाला धरून चालतं, आणि चित्र काढून घेतलं की धडपडतं. अ‍ॅनिमे मालिकेच्या संगीतकाराला धरायला बोटच नसतं. 'जुनी आठवण' एवढ्या दोन शब्दांवर त्याला असा तुकडा रचावा लागतो ज्याला स्वतःचा मुखडा आहे, स्वतःची चढण आहे, स्वतःचा शेवट आहे. आपल्याकडे गाण्याला जो मान मिळतो तो तिथे पार्श्वसंगीतालाही मिळून जातो. मालिका एकदाही न बघितलेला माणूस ते संगीत कानाला लावून लोकलमध्ये डोंबिवली ते दादर आरामात जातो, ते यामुळे.

दुसरा फायदा पुनरावृत्तीचा. २००२ साली सुरू झालेली 'नारुतो' ही मालिका २२० भाग चालली. संगीतकार तोशिओ मासुदा यांनी तिच्यासाठी तीन तारांचं शामिसेन, बासरीच्या कुळातली शाकुहाची आणि इलेक्ट्रिक गिटार यांची मोट बांधली. त्यातली एक उदास चाल इतक्या प्रसंगांना येते की शंभराव्या भागापर्यंत तिचे पहिले चार सूर पुरतात. प्रसंग अजून उलगडायचा असतो आणि घसा आधीच दाटतो. पडद्यासाठी नव्याने रचलेल्या चालीला हे पहिल्या फटक्यात जमत नाही. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. चित्र न बघता रचलेलं संगीत पुष्कळदा 'कुठेही चालेल' असं गुळमुळीत निघतं, आणि वर्षाला निघणाऱ्या ढीगभर मालिकांत तोच तो दुःखी पियानो ऐकून वैताग येतो. पद्धत चांगली असली तरी ती सगळ्यांना तारत नाही.

चित्रपटांचं गणित निराळं. तिथे प्रसंग मोजून संगीत रचण्याइतका वेळ असतो. पण संगीतकार जो हिसाइशी आणि दिग्दर्शक हायाओ मियाझाकी या जोडीने तिथेही आधी चाल हीच वाट धरली. हिसाइशींचं मूळ नाव मामोरु फुजिसावा. अमेरिकी संगीतकार क्विन्सी जोन्स यांच्या नावाला जपानी लिपीत बसवून त्यांनी टोपणनाव घेतलं: 'हिसाइशी' ज्या अक्षरांनी लिहितात तीच 'कुइशी' अशीही वाचता येतात. १९८४ च्या 'नॉशिका'पासून ही जोडी जमली. त्या वेळी चित्रपट पुरा होण्याआधीच एक 'इमेज अल्बम' निघाला. म्हणजे कथेची रेखाटनं, पात्रांची वर्णनं, दिग्दर्शकाने सांगितलेले काही शब्द, यांवरून सुचलेल्या चालींची तबकडी. मियाझाकी कधी त्यासाठी कवितेसारख्या ओळीही लिहून देत. मग दोघांनी त्यातल्या चाली निवडायच्या आणि चित्रपटासाठी वाद्यवृंदावर नव्याने बांधायच्या. 'नॉशिका'त लहान मुलीच्या आवाजातली एक 'ला-ला-ला' चाल आहे. ती हिसाइशींच्या मुलीने गायली आहे, वयाच्या चौथ्या वर्षी. सूर थोडा डळमळतो, आणि तो डळमळतो म्हणूनच ती चाल काळजात उतरते.

'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (२००४) हे या जोडीचं मला सगळ्यात हुशार वाटणारं काम. नायिका सोफी शापामुळे तरुणपणातच नव्वदीची म्हातारी होते, आणि पुढे तिचा चेहरा प्रसंगागणिक लहान-मोठा होत राहतो. बघणाऱ्याला ती एकच आहे हे पटवायचं कसं? मियाझाकींनी मागणी केली की सगळ्या चित्रपटभर एकच चाल हवी. हिसाइशींनी एक वॉल्ट्झ दिला. वॉल्ट्झ तीन मात्रांचा असतो. दादरा म्हणणाऱ्याला तो झोका लगेच ओळखीचा वाटतो. तीच चाल कधी पियानोवर चाचपडत येते, कधी अख्ख्या वाद्यवृंदावर गरगरते, कधी एकट्या तंतुवाद्यावर थकून बसते. चेहरा बदलतो, चाल तीच राहते.

आता थोडं सुरांकडे. चाल आधी येते एवढ्याने ती गोड होत नाही. जपानी चालींच्या अंगातच काहीतरी आहे, आणि ते मराठी कानाला परकं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जपानी शाळांत पाश्चात्य संगीत आलं, तेव्हा तिथल्या रचनाकारांनी पाश्चात्य सप्तकातला चौथा आणि सातवा सूर गाळून एक पंचस्वरी सप्तक रूढ केलं. 'योनानुकी', म्हणजे चार-सात वगळलेलं. म्हणजे सा, रे, ग, प, ध. हा आपला भूप झाला. कोतो-शामिसेन या तंतुवाद्यांच्या जुन्या संगीतात एक करुण सप्तकही आहे: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. हे गुणक्रीचे सूर. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत हे मान्य. चलन वेगळं, वजन वेगळं. तरी पेटीवर ते पाच सूर खालीवर वाजवले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी "जपानी वाजवतोस का रे?" विचारतं. माझ्या घरी विचारलं होतं.

याच्या जोडीला आहे सुरावटींची एक ठरावीक वाट. पाश्चात्य पद्धतीत तीन-तीन सूर एकत्र दाबून जो समूह होतो तो कॉर्ड. पेटी समोर असेल तर करून बघा: पांढरी एक हा सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरा. आधी म-ध-सा, मग प-नी-रे, मग ग-प-नी, शेवटी ध-सा-ग. दुसऱ्या समूहानंतर कान म्हणतो, आता सा वर घरी जाऊ. पण चाल घरी जात नाही; ती ग वरून वळते आणि ध वर जाऊन थांबते. घर समोर दिसतंय, पण पाऊल बाजूच्या गल्लीत. आनंद आणि हुरहुर एकाच वेळी वाटते ती या वळणामुळे. जपानी पॉपमध्ये ही वाट इतकी रुळलेली आहे की तिला तिथे 'राजमार्ग'च म्हणतात. अ‍ॅनिमेच्या शीर्षकगीतांत ती ओळखायची सवय लागली की मग सुटत नाही. माझी भाची आता गाणं लागलं की बोटं मोडून "म, प, ग, ध" मोजते आणि मला खिजवते.

शीर्षकगीताला एक जाचक अट असते: दीड मिनिट. खरं तर ८९ सेकंदं, कारण सेकंदभराची शांतता राखून ठेवतात. तेवढ्यात गाण्याने उठायचं, चढायचं आणि फुटायचं. तिथले संगीतकार गाण्याचे भाग पाडतात: ए-मेलो, बी-मेलो आणि साबी. साबी म्हणजे जिथे गाणं फुटतं ती जागा, लोक जिथे बरोबर गायला लागतात ती. पूर्ण गाणं चार-पाच मिनिटांचं असलं तरी टीव्हीसाठी त्याला कात्री लावून तिन्ही भाग दीड मिनिटात कोंबतात. योको ताकाहाशी यांनी गायलेलं 'इव्हॅन्जेलिअन' मालिकेचं शीर्षकगीत (१९९५) साबीच्या सुरांनीच उघडतं, संथ, जवळजवळ वाद्यांविना, आणि मग ठेका धावत सुटतो. वर चित्रं अशी कापलेली की ठेक्याच्या प्रत्येक ठोक्याला एक झलक. कानाने डोळ्याला हाकलत न्यावं तसं. भारतात मात्र ही ८९ सेकंदं बऱ्याचदा बदलून टाकली गेली. दूरदर्शनवर १९९३ मध्ये रविवारी सकाळी मोगली आला ती मूळ जपानी मालिका. पण आपण जे गाणं गुणगुणतो त्याचे शब्द गुलजारांचे आणि चाल विशाल भारद्वाज यांची. एका पिढीने बघितलेलं पहिलं अ‍ॅनिमे जपानी होतं आणि त्याचं गाणं मुंबईचं.

चित्राच्या आधी संगीत, याचं टोक गाठलं ते 'अकिरा'ने (१९८८). दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमो यांनी नेहमीच्या संगीतकाराला न विचारता गेइनो यामाशिरोगुमी नावाच्या समूहाला गाठलं. हा व्यावसायिक वाद्यवृंद नव्हेच. डॉक्टर, इंजिनिअर, पत्रकार, विद्यार्थी असे शेकड्यांनी लोक, आपापली कामं सांभाळून जमणारे. पुण्यातलं ढोलपथक संध्याकाळी नदीकाठी जमतं, त्याची आठवण यावी. त्यांचे प्रमुख शोजी यामाशिरो, खरं नाव त्सुतोमु ओहाशी, पेशाने शास्त्रज्ञ. बल्गेरियाचं समूहगान, बालीचं गामेलान म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि घंटांचं वृंदवादन, जपानच्या जुन्या नोह नाटकातलं गायन, बौद्ध मंत्रपठण, असं जगभरचं त्यांनी आधीच गळ्यात आणि हातात उतरवलेलं होतं. गामेलानची एक अडचण असते: त्याचे सूर पियानोच्या बारा सुरांत बसत नाहीत. पेटीत श्रुती सापडत नाही अशी आपल्या गवयांची तक्रार, तीच ही. यामाशिरोंनी त्यावर उपाय काढला, डिजिटल सिंथेसायझरचे सूरच गामेलानच्या मापाने लावून घेतले.

परिणाम ऐकायचा तर चित्रपटाच्या सुरुवातीची मोटारसायकलींची शर्यत घ्या. साल २०१९, नवं टोकियो, निऑनचे दिवे. कुठलाही संगीतकार इथे इलेक्ट्रॉनिक वाद्यं नाहीतर रॉक लावेल. इथे वाजतात बांबूची वाद्यं, आणि गळे ओरडतात 'रास्सेरा, रास्सेरा'. ही उत्तर जपानमधल्या आओमोरीच्या नेबुता उत्सवाची आरोळी. कागदाचे अजस्र दिवे रस्त्याने ओढताना लोक ती देतात. भविष्यातलं शहर आणि गावजत्रेची आरोळी. पोरांची टोळी म्हणजे नवी जमातच, हे एकाही संवादाशिवाय कळतं.

सात वर्षांनी केन्जी कावाई यांनी 'घोस्ट इन द शेल'साठी (दिग्दर्शक मामोरु ओशी) असाच उलटा विचार केला. सुरुवातीला नायिकेचं यांत्रिक शरीर कारखान्यात घडताना दिसतं. कावाईंना बल्गेरियन बायकांच्या समूहगानासारखा, अंगावर येणारा नाद हवा होता. तो त्यांनी जपानी लोकगीतं गाणाऱ्या बायकांकडून घेतला. शब्द प्राचीन जपानी भाषेतले, आणि गीत लग्नाचं, अशुभ दूर करणारं. यंत्र जुळवतानाच्या चित्रावर मंगलाष्टका लावाव्यात, असा हा बेत. पहिल्यांदा बघताना नुसतं विचित्र वाटतं. शेवटी नायिकेचं मन एका संगणकी अस्तित्वाशी एकरूप होतं तेव्हा लक्षात येतं की लग्न खरंच होतं, आणि गीत पहिल्या मिनिटापासून ते सांगत होतं. चित्रपटाच्या मध्ये तीनेक मिनिटं कथाच थांबते: हाँगकाँगवरून बेतलेलं शहर, पाऊस, छत्र्या, पाण्यातलं प्रतिबिंब, एकही संवाद नाही, आणि तेच गान संथ लयीत. मला विचाराल तर अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तो.

'काउबॉय बीबॉप'मध्ये (१९९८) सूत्रं आणखीच उलटी झाली. संगीतकार योको कान्नो यांनी न मागितलेल्या चालीही करून पाठवल्या, आणि दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे त्या ऐकून नवे प्रसंग सुचवू लागले. मालिकेसाठी कान्नोंनी 'सीटबेल्ट्स' नावाचा बँड उभा केला. जॅझ, ब्लूज, कंट्री, ऑपेरा, काहीच वर्ज्य नाही. पाचव्या भागात नायक चर्चच्या रंगीत काचा फोडून खाली कोसळतो. तिथे धडाडधूम अपेक्षित असताना वाजतो कोवळ्या आवाजातला कोरस, जणू कुणी अंगाई म्हणतंय. गायिका म्हणून नाव लागलं गॅब्रिएला रॉबिन. ही गॅब्रिएला कोण, यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवलं. अखेर ती खुद्द कान्नोच निघाली. त्या गाण्याच्या शब्दांना अर्थ नाही, भाषाच बनावट आहे. अ‍ॅनिमेच्याच दुसऱ्या संगीतकार युकी काजिउरा यांच्या कोरसमध्येही असेच मनचे शब्द असतात. तराणा ऐकणाऱ्याला याचं नवल वाटू नये: अर्थ काढून घेतला की गळा निव्वळ वाद्य होतो, आणि संवादाखाली वाजला तरी कान शब्दांच्या मागे धावत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी पैशाचं कारणही आहे. १९६३ मध्ये ओसामु तेझुका यांनी टीव्हीसाठी 'अ‍ॅस्ट्रो बॉय' काढलं तेव्हा दर आठवड्याला एक भाग देण्यासाठी चित्रांची संख्या कमी ठेवली. फक्त ओठ हलतात, पार्श्वभूमी सरकते, चेहरा तसाच. ती काटकसर पुढे सवय झाली. चित्र कमी हलतं तेव्हा वेळ पुढे नेण्याचं काम आवाजावर पडतं. 'इव्हॅन्जेलिअन'च्या चोविसाव्या भागात अजस्र यंत्रमानवाने मुठीत एक मुलगा धरला आहे, आणि मिनिटभर चित्र तसूभरही हलत नाही. वाजत असते बेथोव्हनची नववी सिम्फनी, आनंदाचं समूहगान. जपानमध्ये ही सिम्फनी दर डिसेंबरला गावोगाव गातात, वर्ष सरताना. त्या गोड सवयीवर दिग्दर्शक हिदेआकी आन्नो असला प्रसंग ठेवतात, आणि संगीत अचानक थांबतं तेव्हा काय झालं ते दाखवावंही लागत नाही.

थांबण्याबद्दलच बोलायचं तर 'कॅसल इन द स्काय'च्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकाव्यात. १९८६ चा मूळ चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा, आणि त्यात संगीत तासभराचं. म्हणजे निम्मा वेळ वारा, यंत्रांची घरघर, पावलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डिस्नेच्या इंग्रजी आवृत्तीसाठी हिसाइशींनी संगीत नव्याने बांधलं आणि ते दीड तासापर्यंत गेलं, कारण अमेरिकी प्रेक्षकाला एवढी शांतता चालणार नाही असं तिथल्यांचं मत होतं. नवं संगीत भरदार आहे, वाद्यवृंद मोठा आहे. पण सुरुवातीला आकाशातल्या हल्ल्याच्या प्रसंगी जी उघडी, गार पोकळी होती ती भरून गेली. मियाझाकींनी एका मुलाखतीत टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या आणि दोन टाळ्यांमधल्या जागेला 'मा' म्हणतात असं सांगितलं होतं. तालातली खाली आठवते, पण खाली मोजलेली असते. 'मा' मोजत नाहीत.

२०१६ च्या 'अ सायलेंट व्हॉइस'पाशी हा सगळा विचार एका खोलीत येऊन बसतो. नायिका शोको हिला ऐकू येत नाही, ती कानात यंत्र घालते. अशा चित्रपटाला संगीत काय द्यायचं? दिग्दर्शिका नाओको यामादा आणि संगीतकार केन्सुके उशिओ यांनी चाली ठरवण्याआधी आवाजाचा पोत ठरवला. उशिओंनी एक उभा पियानो घेतला, त्याच्या पोटात मायक्रोफोन लावले आणि वाजवला. एरवी ध्वनिमुद्रक जे कटाक्षाने टाळतात ते सगळं त्यात आलं: हातोडीची टकटक, फेल्टची घासट, पायपट्टीचा दाब, लाकडाची कुरकुर. सूर कमी आणि धडपड जास्त. देवळात भजनाला पेटीच्या अगदी मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटेल. तिथे अभंगाच्या आधी ऐकू येतो भात्याचा श्वास, आणि बोटांखाली खटखटणाऱ्या पट्ट्या.